आंघोळीचे किलोमीटर

कुंदा मेश्राम या बाईंमुळे माझी प्राजक्ता आज नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सरकारी वसतिगृहात राहते. हे आधी लिहून टाकते. बाकीचं मागून सांगते, कारण बाकीचं सांगायला लागले की मला राग येतो, आणि रागात माणूस आभार मानायचं विसरतो. मेश्राम मॅडम मात्र रागातच असायच्या बहुतेक वेळा, आणि त्या काहीच विसरत नसत.

मी मूळची आजऱ्याकडची. शाळा सातवीतच सुटली. लग्न झालं आणि नवऱ्याच्या मागून नागपूरला आले. तो वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर आहे. आमच्या गावाहून इथं यायचं म्हणजे महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला यायचं. इथं ओळखीचं कुणी नाही, ऊन असं की भांडी तापतात, आणि लोक 'मला'ला 'मले' म्हणतात. पहिलं वर्ष मी घाबरण्यातच घालवलं. हातात कला एकच होती. माझी आत्या बाळंतिणींची मालिश करायची, बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची, शेक द्यायची, धुरी द्यायची. ते सगळं मी तिच्या शेजारी बसून शिकले होते.

पोरगी मोठी झाल्यावर हेच काम देणारी एक एजन्सी मिळाली. त्यांनी मला सांगितलं, "ताई, तुम्ही आमच्या नोकर नाही, पार्टनर आहात." मी घरी येऊन नवऱ्याला पेढा दिला. पार्टनर म्हणजे काय ते नंतर कळलं. स्कुटी माझी, पेट्रोल माझं, पंक्चर माझं, पावसात भिजून ताप आला तर तो पण माझा. त्यांचं फक्त कमिशन. शिवाय दर महिन्याला माझ्या पैशातून थोडा कर कापायचे आणि म्हणायचे, "रिटर्न भरा, परत मिळेल."

मेश्राम मॅडमची आणि माझी पहिली भेट भांडणाची. मनीषनगरला त्यांच्या घराच्या वरच्या मजल्यावर एक बाळंतीण होती. मी स्कुटी नेमकी त्यांच्या फाटकापुढं लावली. काम उरकून खाली आले तर साठीची एक बाई, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, गळ्यात दोरीला चष्मा, माझ्या स्कुटीच्या सीटवर बसलेली.

"ही गाडी तुही आहे का वं?"

"चुकलं माझं. लगेच काढते."

"काढजो नंतर. कुठून येते तू?"

"वाडीहून."

"रोज? वाडीहून इथं? मंग पेट्रोल कोण देते?"

मला वाटलं, ही बाई आता मला पोलिसात देणार. मी म्हटलं, "मीच घालते."

"तूच? काहून?"

इतक्या वर्षांत हे 'का' मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. त्या सीटवरून उतरल्या, फाटकाकडं बोट केलं. तिथं पाटी होती, 'कुंदा मेश्राम, कर सल्लागार'. "कधी काही अडलं तं येजो," म्हणाल्या. "पण गाडी बाजूले लावजो."

त्यांचं ऑफिस म्हणजे घराची पुढची खोली. एक टेबल, एक कॉम्प्युटर, आणि खडखड आवाज करणारा कूलर. येणारी माणसं सगळी छोटी. रंगारी, नळवाले, शिकवण्या घेणाऱ्या मुली, एका टेम्पोचा मालक. "मोठ्या लोकांचा कर वाचवायले मोठे लोक बसले आहेत," त्या म्हणायच्या, "तिकडं मले कोणी बोलावत नाही, अन् मी जातही नाही." गिऱ्हाईक लाजायला लागलं की त्या टेबलावर चष्मा आपटायच्या. "लाजून काहून राहिला गा? लाज लिहायचा रकाना नाही या फॉर्मात."

त्यांच्या रागाची एक रीत होती. रोजचा राग मोठ्या आवाजात, अरे-तुरेत. त्याला कुणी भीत नसे. पण राग खरोखर चढला की आवाज खाली यायचा आणि समोरच्याला त्या 'आपण' म्हणायला लागायच्या. एका नळवाल्याला बँकेतला साहेब सारखा 'नंतर या' म्हणत होता, तेव्हा या त्याच्याबरोबर गेल्या आणि साहेबाला म्हणाल्या, "आपण जेवून या. चहा घ्या. आम्हाला काही घाई नाही, आम्ही इथंच बसलो आहोत." तो नळवालाच सांगायचा, की साहेबानं डबा न उघडताच सही केली.

माझं अडलं ते प्राजक्ता बारावी झाल्यावर. नर्सिंगला नंबर लागला, तो परगावच्या कॉलेजात. वसतिगृहात जागा मिळत होती, पण त्यासाठी तहसीलमधून उत्पन्नाचा दाखला हवा होता. तिथल्या बाबूनं माझं आयकराचं रिटर्न मागितलं. ते मी कॉम्प्युटरच्या एका दुकानात भरून घेतलं होतं. बाबूनं बघितलं आणि म्हणाला, "नवऱ्याचा पगार धरून तुमची कमाई मर्यादेच्या वर जाते. दाखला नाही बसत."

वर म्हणजे थोडीच वर. पण वर ते वर. वसतिगृह नाही तर खोली भाड्यानं घ्यावी लागणार, आणि ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पोरीनं नर्सिंगचा कागद गादीखाली ठेवून दिला आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणाली, "आई, मीही तुझ्याबरोबर मालिशला येऊ का?" त्या वाक्यानं मी मनीषनगरला गेले.

मॅडमनी रिटर्न वाचलं. दोनदा वाचलं. मग उभ्या राहिल्या. "हे कोणी भरलं वं? एजन्सीनं दिलेला पै न् पै कमाई म्हणून टाकला ह्यानं! पेट्रोल कुठं आहे? गाडीचा विमा कुठं आहे? सर्व्हिसिंग? गाडीची झीज? तू धंदा करून राहिली, संगीता. धंद्यासाठी जे रस्त्यावर जाळलं ते तुही कमाई नाही. त्यानं जळलेलं पेट्रोल तुह्या ताटात वाढलं अन् म्हणते, पोट भरलं ना!"

मी घाबरून म्हटलं, "त्या मुलानं सांगितलं, खर्च दाखवला की नोटीस येते."

"त्याले भीती वाटते म्हणून तुही पोरगी घरी बसल का?"

रिटर्न सुधारून भरता येतं, मुदत आहे, असं त्यांनी सांगितलं. मग मला रोजचे किलोमीटर विचारले. मी सांगितले. त्यांनी माझ्याकडं बघितलं. "एवढेच?"

"हो. जाताना एवढेच होतात."

"अन् येताना?"

"येताना मी माझ्या घरी येते ना. ते कसं धरायचं?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "गाडी तिथंच सोडून देते का वं? सकाळी एखाद्या झाडाखाली नवी उगवते?" मी हसले, पण त्या हसल्या नाहीत. त्यांना माझाच राग आला होता. दुसऱ्यानं लुबाडलं तर समजू शकते, पण तू स्वतःच स्वतःला लुबाडते, असं काहीसं पुटपुटत त्यांनी कागद ओढला.

पेट्रोलच्या पावत्या मी डिकीत जपून ठेवल्या होत्या. काढून दिल्या तर सगळ्या पांढऱ्या. नागपूरच्या उन्हानं अक्षर न् अक्षर पुसून टाकलेलं. मला रडू आलं. त्यांनी एक पावती उजेडाकडं धरली, खाली ठेवली आणि म्हणाल्या, "सर्व्हिसिंगवाला मीटरचा आकडा लिहिते ना? त्याच्याकडून घेऊन ये." त्यावरून वर्षभरात गाडी किती पळाली ते निघालं. पण मग त्यांनी मला एकेक रविवार विचारायला सुरुवात केली. कुठं गेली होती, कशाला गेली होती.

"फुटाळ्याला. पोरीला घेऊन."

"ते काढ."

"गाडी तर चाललीच ना मॅडम?"

"तलावाची मालिश केली का?"

असं करून त्यांनी बाजार काढला, देऊळ काढलं, माझ्या आजारपणातला दवाखानासुद्धा काढला. मला वाटलं होतं या माझ्या बाजूनं आहेत. त्या बाजूनं होत्याच, पण एक किलोमीटर उगाच मिळू देणार नव्हत्या. "एक खोटा सापडला," म्हणाल्या, "की बाकीचे सगळे खरे असून मेले."

सुधारलेलं रिटर्न घेऊन आम्ही दोघी तहसीलला गेलो. बाबू म्हणाला, "आधी जास्त होतं, आता कमी कसं झालं? दाखल्यासाठी कमी केलं का?" मॅडमचा आवाज अजून मोठाच होता. "कमी नाही झालं गा, होतं तेवढंच आहे. आधी पेट्रोलले पण पगार समजले होते." बाबू तसा वाईट नव्हता. तो म्हणाला, एवढं फिरणं कामासाठीच आहे असं एजन्सीकडून लिहून आणा, मी साहेबांपुढं ठेवतो. वसतिगृहाची मुदत संपायला फार दिवस उरले नव्हते.

एजन्सीनं पत्र दिलं. मी आनंदानं मॅडमकडं आणलं. त्यांनी वाचलं आणि विचारलं, "संगीता, तू मनीषनगरहून कळमन्याले सरळ जाते का?"

तेव्हा माझी दोन घरं होती. सकाळचं मनीषनगरचं, दुपारचं कळमन्याला, मार्केटजवळ एका व्यापाऱ्याच्या घरी. पत्रात लिहिलं होतं, वाडी ते मनीषनगर, मनीषनगर ते कळमना, कळमना ते वाडी. शहराला सरळ एक फेरा. तेवढाच खर्च धरला तर आमची कमाई पुन्हा मर्यादेच्या वर जात होती.

"नाही," मी म्हटलं. "मधे मी वाडीला घरी जाते."

"जेवायले?"

मला सांगायला लाज वाटत होती. "आंघोळीला."

मग मी सांगितलं. बऱ्याच घरांचा नियम असतो, एका बाळंतिणीच्या घरून उठून सरळ दुसऱ्या बाळंतिणीकडं यायचं नाही. आधी आपल्या घरी जायचं, डोक्यावरून न्हायचं, दुसरं लुगडं नेसायचं, मग यायचं. कळमन्याच्या आजी तर दारातच माझे केस ओले आहेत का बघायच्या. मला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं. आमच्याकडंही आत्या असंच करायची. फक्त आत्याचं घर दोन गल्ल्यांवर होतं. माझं घर शहराच्या दुसऱ्या टोकाला.

मॅडम उठल्या आणि त्यांनी कूलर बंद केला. खोलीत एकदम शांत झालं.

"माझी आजी सुईण होती," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "पोर पहिल्यांदा तिच्याच हातात यायचं. अन् तिलेच मागच्या दारानं यायले सांगत, बाहेर निघाली की अंगण धुवून काढत. पुढं तिनं धम्माची दीक्षा घेतली, अन् असल्या घरी पाय ठेवणं सोडलं. तू सोड असं मी म्हणू शकत नाही, तुही पोरगी शिकून राहिली. अन् बाळाजवळ स्वच्छ जावं हे तं मलेही पटते. पण ह्यांच्या सोवळ्याचं पेट्रोल तू काहून भरून राहिली?"

त्या दिवशी मी घरी जाताना वर्धा रोडवर सिग्नलला थांबले आणि मला पहिल्यांदाच संताप आला. भीती नव्हे, संताप. भर मे महिन्यातसुद्धा, दुपट्ट्यातून डोळे जळत असताना, मी तेवढ्यासाठी रोज अख्खं शहर दोनदा ओलांडलं होतं, आणि त्या पत्रात मी सुखानं सरळ रस्त्यानं जात होते.

दुसऱ्या दिवशी मॅडम मला घेऊन एजन्सीच्या ऑफिसात गेल्या. धरमपेठेतलं काचेचं ऑफिस, भिंतीवर हसणाऱ्या बाळांचे फोटो. मॅनेजर तरुण, कपड्यांना छान वास. त्यानं पाणी मागवलं.

"मॅडम, सिस्टिममध्ये जे डिस्टन्स येतं तेच आम्ही लिहितो. ताई आमच्या एम्प्लॉयी नाहीत. मधे घरी जाणं ही त्यांची चॉइस आहे."

"आपलं म्हणणं बरोबर आहे," मॅडम म्हणाल्या. मी लगेच ओळखलं आणि खुर्ची घट्ट धरली. "मग आपण हिला आताच सांगा, की उद्यापासून न न्हाता सरळ जात जा."

"नाही नाही, तसं कसं! क्लायंट ऐकणार नाहीत. प्रत्येक व्हिजिटच्या आधी आंघोळ, हे तर आमच्या जाहिरातीतच आहे."

"हो का? म्हणजे हिची आंघोळ आपण विकता."

तो हसला. मग हसायचं थांबला.

"साबण हिचा, पाणी हिचं, पेट्रोल हिचं. विकणारे आपण. आम्ही त्याचे पैसे मागत नाही आहोत. आपण फक्त लिहून द्या, की ही मधे घरी जाते ती आपल्या कामाच्या नियमामुळे जाते."

"मला वर विचारावं लागेल."

"विचारा. आम्ही बसलो आहोत."

तेवढ्यात एक जोडपं आत आलं. बाईचे दिवस भरत आलेले दिसत होते. मॅनेजर त्यांच्यासाठी उठला, पण त्याच्या आधी मॅडम बोलल्या, अगदी गोड आवाजात. "या ताई, बसा. कितवा सुरू आहे? नववा? ही संगीता. हात फार चांगला आहे हिचा. आपल्याकडे येण्याआधी ही भर उन्हात वाडीपर्यंत जाऊन न्हाऊन परत येईल. हे साहेब म्हणतात, ती हिची हौस आहे."

त्या बाईनं माझ्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग मॅनेजरकडं. "अवो, मंग हिले आपल्याच घरी न्हाऊ देऊ ना," ती नवऱ्याला म्हणाली. "एवढ्या दूर कायले जाईन बिचारी?"

मॅनेजरनं वर कुणालाही विचारलं नाही. पत्र तिथंच छापून निघालं, शिक्क्यासकट.

दाखला मुदतीच्या आत मिळाला. तहसीलच्या बाबूनं पत्र वाचून मान वर केली आणि म्हणाला, "हे तर मलाही माहीत नव्हतं." मॅडम म्हणाल्या, "माहीत असायचं कारणच नाही गा, तू कुठं बाळंतीण झाला." तेव्हा कुठं त्या हसल्या. प्राजक्ता ज्या दिवशी वसतिगृहात गेली त्या दिवशी मी पेढे घेऊन मनीषनगरला गेले. त्यांनी पेढा घेतला आणि इतरांकडून घेतात तेवढीच फी पण घेतली, पावती फाडून. "फुकट केलं असतं तं तू जन्मभर माझ्या पाया पडत बसली असती," म्हणाल्या. "ते नाही पाहिजे मले."

एजन्सीनं मात्र त्या महिन्यानंतर मला काम देणं बंद केलं. फोन केला की उत्तर एकच, "ताई, तुमच्या एरियात सध्या डिमांड नाही." नागपुरात मुलं जन्माला येणं थांबलं होतं की काय! मी रडत मॅडमकडं गेले. म्हटलं, तुमचं ऐकलं आणि हातचं गेलं. हे मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. फोन उचलला आणि त्यांच्याकडं येणाऱ्या एका रंगाऱ्याला विचारलं, "सून बाळंत झाली का गा तुही?" मग टेम्पोवाल्याला. मग शिकवणीवाल्या मुलीच्या बहिणीला. खापा गावाला दिलेली एक मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती, तिचंही काम त्यातूनच मिळालं. आता मी कुणालाही मधे न घेता, स्वतःच्या नावानं काम करते. पहिल्या दिवशीच सांगते, येण्याजाण्याचे वेगळे. आंघोळ करून हवी असेल तर तुमच्या न्हाणीघरात करीन, नाहीतर घरी जाऊन येण्याचेही द्या. बहुतेक घरं न्हाणीघर दाखवतात.

कळमन्याच्या आजींनी मात्र मला परत बोलावलं नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही असं खोटं कशाला लिहू. त्यांच्या नातवाला सर्दी झाली का, हे मी अजून त्यांच्या शेजारणीकडून विचारून घेते.

मॅडमचे गुडघे मागच्या वर्षी फारच गेले. जिना सोडा, पायरीसुद्धा चढवेना. डोळेही थकले. त्यांनी पुढची खोली बंद केली आणि गोंदियाला भावाकडं जायचं ठरवलं. मी त्यांना स्कुटीवरून बसस्टँडला सोडायला गेले. बसमध्ये चढताना मी हात पुढं केला, तो त्यांनी झटकला आणि दांडा धरून स्वतःच चढल्या. चढायला फार वेळ लागला. मागं उभी असलेली माणसं कुरकुरली. मी खिडकीखाली जाऊन उभी राहिले.

आत कंडक्टर एका म्हातारीवर ओरडत होता, तिच्या गाठोड्याचं तिकीट काढायला सांगत होता. गाठोडं तिच्या मांडीवरच होतं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. त्या कंडक्टरकडं वळल्या. त्यांचे ओठ हलताना दिसले, पण आवाज खिडकीपर्यंत आला नाही. एवढ्या हळू बोलत होत्या. कंडक्टरनं टोपी काढून हातात घेतली. बस सुटली तेव्हाही त्या त्याच्याशीच बोलत होत्या. माझ्याकडं हात करायला त्यांना सवड झाली नाही.

मॅडम, गोंदिया लांब आहे आणि माझी सुट्टी निघत नाही. पण प्राजक्ताचं शिक्षण झालं, ती कुठं लागली, की मी तेल घेऊन तुमच्याकडं येणार आहे. महिनाभर राहीन. रोज सकाळी तुमचे गुडघे चोळीन, शेक देईन, आणि तुम्ही माझ्या हातांना झटकलंत तरी सोडणार नाही. तुमच्या भावाच्या घरच्या पायऱ्या तुम्ही कुणाचा आधार न घेता उतरलात, की मग मी नागपूरला परत येईन.